जलसाकारांचा हिशेब

आंबेडकरी चळवळीचा इतिहास लिहिताना आपण परिषदा मोजल्या, ठराव मोजले, सत्याग्रह मोजले, निवडणुका मोजल्या. गाणारांना मात्र परिशिष्टात बसवले. पुढारी येईपर्यंत लोकांना बसवून ठेवणारी मंडळी, एवढीच त्यांची नोंद. मी हे विधान जबाबदारीने करतो, कारण मी इतिहासाचा प्राध्यापक आहे. मौद्यासारख्या तालुक्याच्या गावी नऊ वर्षे हा विषय शिकवतो आहे, आणि त्यातली बरीच वर्षे मीही हेच केले. एकदा वर्गात भीमराव कर्डकांचे नाव घेतले तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, 'सर, जलसा परीक्षेत येतो काय?' येत नव्हता. मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो. तो मुलगा पहिल्याच पिढीत कॉलेजात आलेला होता, आणि त्याचा आजा खडी गंमतीत ढोलकी वाजवीत असे, हे मला पुढे कळले.

जलसा म्हणजे काय होते, हे आधी नीट पाहिले पाहिजे. सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन झाला, आणि त्याच्या विचारांचे जलसे पुढे खेड्यापाड्यांतून उभे राहिले. तमाशाचा सांगाडा घ्यायचा आणि त्यात भटशाहीवरची टीका भरायची, ही त्यांची रीत. आंबेडकरी जलशाने हीच वाट घेतली, पण ती घेताना त्याच्यापुढे एक जास्तीची अडचण होती. तमाशा ही महार-मांगांच्या हातातली कला. तिच्यावर गावाने पोट भरून हसून घेतले होते आणि कलावंताला उष्टे वाढले होते. ज्या कलेने आपल्याला नाचवले तिच्याच तोंडून आपली मुक्ती कशी बोलायची?

या अडचणीची एक आठवण नेहमी सांगितली जाते. पठ्ठे बापूराव हे जन्माने ब्राह्मण, तमाशातले मोठे नाव. पवळा ही त्यांच्या फडातली गाजलेली महार कलावंतीण. त्यांनी चळवळीच्या निधीसाठी तमाशाचे उत्पन्न देऊ केले, आणि बाबासाहेबांनी ते घेण्यास नकार दिला. आपल्या बायका नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, हा त्या नकाराचा अर्थ. मला हा नकार पटतो. परंतु त्याची एक किंमतही चळवळीने मोजली आहे, आणि तीही लिहून ठेवली पाहिजे. आंबेडकरी जलशात बाई रंगमंचावर आली नाही. स्त्रीपात्रे पुरुषांनीच केली. तमाशातल्या बाईची विटंबना थांबली हे खरे, पण ज्या बाईचा गळा पिढ्यान्‌पिढ्या तापलेला होता तिला आपल्या मंचावर जागा देण्याचा विचारही फार काळ झाला नाही. ती घरी जात्यावर आणि बाळंतिणीच्या खाटेशी भीमाच्या ओव्या गात राहिली. या ओव्या गोळा करण्याचे काम फार उशिरा सुरू झाले. आज औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारीवर गातात आणि सारा महाराष्ट्र मोबाईलवर ऐकतो. हे आपण कौतुकाने सांगतो. उशीर किती झाला ते सांगत नाही.

भीमराव कर्डकांनी नाशिक जिल्ह्यातल्या तरुणांना घेऊन १९३१ च्या सुमारास जलसा उभा केला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला होता आणि सारा जिल्हा पेटलेला होता. कर्डकांनी तमाशाचा क्रम ठेवला, आतला माल बदलला. गणात गणपतीच्या जागी नवा नायक आला. गौळणीतल्या कृष्णाच्या खोड्यांना जागा उरली नाही. बतावणी राहिली, कारण बतावणीतच शास्त्रीबुवाला उघडे पाडता येते. वगात राजा-राणीऐवजी महारवाड्यातला तरुण, त्याचा जुन्या वळणाचा बाप, गावचा पाटील आणि भटजी आले. मेलेले ढोर ओढायचे की नाही, वतन धरून बसायचे की सोडायचे, मुलाला शाळेत घालायचे की गुरांमागे धाडायचे, देवाला नवस का करायचा, हे प्रश्न त्या पात्रांच्या भांडणातून पुढे येत. भांडण ओळखीचे असे. घरोघरी तेच चाललेले होते. रात्री कंदिलाच्या किंवा बत्तीच्या उजेडात बाप-लेकाचा वाद बघून परतलेला म्हातारा दुसऱ्या दिवशी ढोर ओढायला जाताना थबकला असेल, तर ते काम कोणत्या ठरावाने केले?

बाबासाहेबांची वर्तमानपत्रे होती. 'मूकनायक' १९२० साली निघाले, 'बहिष्कृत भारत' १९२७ साली, 'जनता' १९३० साली. पण वाचणारे किती होते? गावात एखादा वाचणारा आणि भोवती वीस ऐकणारे, अशी स्थिती. अशा समाजात जलसा हेच वर्तमानपत्र होते. नाशिकचा सत्याग्रह, पुणे करार, येवल्याची १९३५ ची घोषणा या गोष्टी अनेक वस्त्यांत आधी गाण्यातून पोहोचल्या आणि छापील अक्षरातून मागाहून. बाबासाहेबांनी एका जलशाची किंमत आपल्या दहा भाषणांइतकी मानली होती असे सांगतात. ते आपण जयंतीच्या भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो, पण अभ्यासात तो हिशेब धरीत नाही.

या कामाची पहिली मोठी नोंद शेवटी कर्डकांनाच करावी लागली. 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे त्यांचे पुस्तक १९७८ साली आले. पुढे डॉ. कृष्णा किरवले यांनी आंबेडकरी शाहिरीचा शोध घेतला. पण एकंदरीत आपल्या साहित्यविचाराने कवितेला साहित्य मानले आणि गाण्याला प्रचार. वामनदादा कर्डकांचेच बघा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस, जन्म १९२२. मुंबईत कामगार असताना कोणी पत्र वाचायला दिले आणि वाचता येईना, त्या शरमेतून अक्षरे शिकला, दुकानांवरच्या पाट्या वाचून जोडाक्षरे पक्की केली, १९४३ साली पहिले गाणे लिहिले आणि २००४ साली मरेपर्यंत गावोगाव फिरून हजारो गाणी देत राहिला. त्यांची गाणी येत नाहीत असे आंबेडकरी घर महाराष्ट्रात सापडणार नाही. आणि दलित साहित्याच्या चर्चांत त्यांचे नाव किती वेळा येई? आम्ही शिकलेले लोक मुक्तछंदाच्या ओळी पाठ करीत होतो आणि आमच्या आया वामनदादा गात होत्या.

विदर्भाचा हिशेब थोडा वेगळा आहे. इकडे मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे बाबासाहेबांच्या आधीपासून कामाला लागले होते. १९०७ साली त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली, छापखाना चालवला, 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक' अशी पत्रे काढली, आणि 'सनातन धर्माचा पंचरंगी तमाशा' लिहिला. नाव बघा. धर्माची चिकित्सा करायला निघालेल्या माणसाला तमाशाच हाताशी सापडला. पुढे धर्मांतराच्या प्रश्नावर त्यांचे बाबासाहेबांशी जमले नाही आणि आम्ही त्यांना जवळजवळ विसरलो. मतभेद झाला म्हणून माणसाचे आधीचे काम पुसून टाकण्याची ही सवय आम्ही कोठून उचलली, कोण जाणे.

नागपूरच्या पूर्वेला, म्हणजे मौद्यापासून भंडाऱ्याकडे निघाले की, खडी गंमत आणि दंडार यांचा मुलूख लागतो. धान निघाले की गावोगाव फड रंगत. ढोलकी, डफ, टाळ, तुणतुणे. याच रस्त्यावरून १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांचा भंडाऱ्याचा प्रचार झाला. ते पडले. दोन वर्षांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला याच रस्त्याने लोक पायी, बैलबंडीने, मिळेल त्या वाहनाने नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन परतले. परतल्यावर पहिला प्रश्न देव्हाऱ्याचा पडला, दुसरा गाण्याचा. माझे आजोबा भजनी मंडळात होते. देव गेले तर भजने कोणाची म्हणायची? मंडळाने पेटी आणि टाळ ठेवले, शब्द बदलले. चाल विठ्ठलाची, नाव भीमाचे. माझे वडील त्या मंडळात वाढले. भातगिरणीत हमाली करीत, आणि रात्री गात.

आता मला थोडे दूर जावे लागणार आहे, थेट इंग्लंडात. तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला आधुनिक जगाचा इतिहास शिकवताना १९७९ च्या ब्रिटनपाशी आलो आणि एका शिक्षकाच्या मृत्यूने मला थांबवले. त्या शिक्षकाच्या मागे लागून मी एका गाणाऱ्या मंडळीपर्यंत पोहोचलो. तिचे नाव 'मिस्टी इन रूट्स'.

लंडनच्या पश्चिमेला साउथॉल ही वस्ती आहे. तेथे पंजाबी कामगार मोठ्या संख्येने राहत आणि त्यांच्या शेजारी वेस्ट इंडीज बेटांतून आलेले काळे लोक. 'नॅशनल फ्रंट' नावाचा गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचा पक्ष तेव्हा जोरात होता. जून १९७६ मध्ये साउथॉलच्या रस्त्यावर गुरदीप सिंग चग्गर या तरुणाला भोसकून मारले गेले. त्याच वर्षी 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही गायक-वादकांची वंशद्वेषविरोधी चळवळ सुरू झाली. ३० एप्रिल १९७८ ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये तिचा प्रचंड मेळावा झाला, त्यात बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ वस्तीतली 'स्टील पल्स' ही काळ्या पोरांची मंडळी गायली. 'मिस्टी इन रूट्स' साउथॉलची. जमैकाचे रेगे संगीत, संथ ठेका, खोल वाजणारी गिटार आणि शब्दांत गुलामीची आठवण. ही मंडळी 'रॉक अगेन्स्ट रेसिझम'च्या कार्यक्रमांत पुन्हा पुन्हा गायली. तिने 'पीपल युनाइट' नावाची कलावंतांची सहकारी संस्था धरून ठेवली होती. स्वतःच्या तबकड्या स्वतः काढायच्या, वस्तीतल्या पोरांना वाद्ये द्यायची, शिकवायचे, असे तिचे काम. पार्क व्ह्यू रोडवरचे एक घर हा तिचा अड्डा.

२३ एप्रिल १९७९ ला 'नॅशनल फ्रंट'ने साउथॉलच्या टाउन हॉलमध्ये निवडणुकीची सभा ठेवली. ज्या वस्तीत त्यांना मत देणारे नव्हते तेथेच मुद्दाम. वस्ती निषेधाला उतरली. अडीच हजारांहून अधिक पोलीस आणले गेले. पार्क व्ह्यूवरच्या घरात त्या दिवशी जखमींवर उपचार आणि कायद्याचा सल्ला देण्याची सोय होती. पोलीस त्या घरात शिरले, आतल्या लोकांना झोडपले, वाद्ये आणि ध्वनिवर्धकांचा संच फोडला. 'मिस्टी'चे व्यवस्थापक क्लॅरेन्स बेकर यांच्या डोक्यावर असा प्रहार झाला की कवटी फुटून ते बेशुद्धीत गेले. त्याच संध्याकाळी ब्लेअर पीच या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या गोऱ्या शिक्षकाच्या डोक्यावर फटका बसला आणि त्या रात्री तो मेला. तीनशेहून अधिक लोकांवर खटले भरले गेले. पीचच्या मृत्यूबद्दल एकाही पोलिसावर खटला झाला नाही. हा फटका बहुधा पोलिसानेच मारला असा निष्कर्ष पोलिसांच्याच अंतर्गत चौकशीने तेव्हाच काढला होता. तो अहवाल लोकांपुढे आला २०१० साली. ते घर पुढे पाडून टाकण्यात आले.

या तारखांच्या शेजारी आपल्या तारखा ठेवून बघा. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आमची घरे पेटली. ४ ऑगस्टला नागपुरात नामांतरवाद्यांवर गोळीबार झाला, त्यात अविनाश डोंगरे नावाचा शाळकरी मुलगाही गेला. ११ नोव्हेंबर १९७९ ला प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. साउथॉल आणि दीक्षाभूमी, मध्ये सात महिनेसुद्धा नाहीत. माझे वडील तेव्हा चोवीस वर्षांचे. मौद्याहून दोन सोबती आणि एक ढोलकी घेऊन ते नागपूरला गेले. मार्च निघेपर्यंत गात होते असे ते सांगतात. पुढे चालत गेले नाहीत, कारण गिरणीच्या मालकाने एकाच दिवसाची सुटी दिली होती.

तुलना ओढूनताणून करू नये. रेगेवाले राष्ट्रकुळातल्या परप्रांतातून आलेले, आम्ही याच मातीतले आणि तरी गावाबाहेरचे. त्यांच्यातले अनेक इथिओपियाच्या सम्राटाला देव मानीत, आम्ही बावीस प्रतिज्ञा घेऊन देव नाकारलेले. 'मिस्टी'ने पंजाबी शेजाऱ्याबरोबर एका रस्त्यावर मार खाल्ला. आमच्या लढ्यात असा शेजारी आम्हाला किती वेळा मिळाला, हा प्रश्न मी येथे फक्त नोंदवतो. आमच्या नियतकालिकांनी निग्रो साहित्याची ओळख मराठीला करून दिली, अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखेड्यांनी तो धागा आणला, पँथर हे नावच १९७२ साली तिकडून आले. पण आपण त्यांच्या कविता-कादंबऱ्या वाचल्या, त्यांचे गाणे ऐकले नाही. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच दिसते. गाणाऱ्यांचे महत्त्व पोलिसांना आधी कळले, समीक्षकांना नंतर. पोलीस वाद्ये उगीच फोडीत नाहीत.

आपल्याकडे हे पुढेही दिसले. कबीर कला मंच २००२ साली पुण्यात उभा राहिला. त्याच्या कलावंतांवर माओवाद्यांशी संबंधांचे आरोप झाले, ते भूमिगत झाले. २ एप्रिल २०१३ ला शीतल साठे आणि सचिन माळी गाणे म्हणत विधानभवनासमोर आले आणि अटक करवून घेतली. शीतल तेव्हा गरोदर होत्या, त्यांना त्याच वर्षी जामीन मिळाला, सचिन माळी यांना मात्र २०१७ पर्यंत थांबावे लागले. मंचाच्या इतर काही कलावंतांना २०२० साली एल्गार परिषदेच्या प्रकरणात पुन्हा अटक झाली. आरोपांचा निवाडा न्यायालयाने करायचा. मी एवढेच म्हणतो की ढोलकी-डफाची इतकी दखल आमच्या अभ्यासमंडळांनी कधी घेतली नव्हती.

पण पोलिसांवर सगळे ढकलून मला सुटता येत नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत डोक्याला निळे कापड बांधून गळफास घेतला. आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे खपून केलेला 'जय भीम कॉम्रेड' हा बोलपट २०११ साली आला, त्यात ही कहाणी आहे. त्यातली एक बाब मला सोडत नाही. घोगरे ज्या आव्हान नाट्य मंचात गात होते तेथून त्यांना काढले गेले होते, आणि कारण पैसे घेऊन दुसऱ्यांसाठी गाणे हे होते. घरात खायला नसलेल्या माणसाने फुकट गावे, आणि पैसे घेतले की तो विकला गेला. हा न्याय कोणी केला? पोट भरलेल्यांनी केला.

मीही तो केला आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत माझ्या वडिलांनी एका पक्षाच्या उमेदवाराच्या प्रचारात दोन रात्री गाणी म्हटली. रात्रीचे तीनशे रुपये. मी एम. ए.ला होतो, विद्यार्थी संघटनेत होतो, आणि चार पुस्तके वाचून फार तापलेला होतो. मित्रांसमोर मी त्यांना विचारले की बाबासाहेबांचे गाणे तुम्ही किती रुपयांना विकले? ते म्हणाले, 'तुया सभेत गायलो तवा कोनं चहा तरी पाजला काय रे बापू? घरी तीन दिवसापासून काम नाही.' मी त्यावर आणखी काही बोललो. ते येथे लिहीत नाही. त्या तीनशेतून माझी परीक्षा फी भरली गेली, हे मला आईने चार वर्षांनी सांगितले. वडील त्यानंतर मंडळात गेले नाहीत. ढोलकी एका नातेवाइकाच्या पोराला देऊन टाकली.

२६ नोव्हेंबर २०१० ला नागपुरात दीक्षाभूमीवर शाहीर विठ्ठल उमप मंचावरच कोसळले आणि गेले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी वर्तमानपत्र मागून घेतले आणि मला ती बातमी मोठ्याने वाचायला लावली. वाचून झाल्यावर काही बोलले नाहीत.

गेल्या दोन वर्षांपासून मी रविवारी त्यांच्यापाशी वही घेऊन बसतो. आजोबांच्या मंडळाची गाणी, खडी गंमतीच्या मंडळींकडून आलेल्या चाली, कोणती ओळ कोणत्या गावी जोडली गेली, नामांतराच्या दिवसांत कोणते कडवे नवे घातले, हे सर्व त्यांना तोंडपाठ आहे. एकेचाळीस गाणी उतरली आहेत. काहींचे रचनाकार सापडले, काहींचे नाहीत. मागच्या बाकावरचा तो विद्यार्थी आता आपल्या आजाकडची गाणी लिहून आणतो, आणि दोन गाणी दोन्ही वह्यांत सारखी निघाली. कडव्यांचा क्रम तेवढा वेगळा. मला चालींची नोंद करता येत नाही, म्हणून मोबाईल समोर ठेवतो. वडील खाटेच्या माच्यावर बोटांनी ठेका धरतात, कोठे थांबायचे, कोठे आवाज वर न्यायचा ते सांगतात, शब्द सावकाश उच्चारतात. गात नाहीत.